एका थेंबाला तीनशे माणसं

गणपतीच्या वर्गणीसाठी दारोदार हिंडलेल्या माणसाला एक खोड जन्मभर चिकटते. मोठी रक्कम कानावर पडली की तो मनातल्या मनात तिला माणसांच्या संख्येने भागून बघतो. आमच्या मंडळाचे खजिनदार रात्री गल्ला मोजून झाल्यावर एकूण किती जमले ते सांगायचेच नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला : "पावत्या किती फाटल्या?" एखाद्या दुकानदाराने एकट्याने पाचशे दिले आणि निम्म्या चाळीने दारच उघडलं नाही, तर ते वर्ष त्यांच्या हिशेबी वाईट. माणशी रुपया आला पण एकही दार सुटलं नाही, तर ते वर्ष झकास.

या खोडीपायीच २०२१ सालचे दोन आकडे मी कागदावर मांडले.

पहिला केरळचा. कण्णूर जिल्ह्यातल्या दीड वर्षाच्या एका मुलाला स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा जन्मजात आजार होता. यात एका जनुकातल्या बिघाडामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. त्याच्या थोरल्या बहिणीलाही हाच आजार. ती चाकांच्या खुर्चीत. माझं झालं ते भावाचं होऊ नये, असा तिचा आवाजातला निरोप फोनाफोनी फिरला. लागणार होते १८ कोटी. ते आठवड्याच्या आत जमले, आणि खातं बंद झालं तोवर रक्कम ४६.७८ कोटींवर गेली होती. देणारे ७ लाख ७० हजार. सर्वांत मोठी देणगी ५ लाखांची.

दुसरा गुजरातचा, त्याच वर्षीचा, त्याच आजाराचा. तिथल्या बाळासाठी ४२ दिवसांत १६ कोटी जमले. देणारे २ लाख ६४ हजार.

आता भागाकार. केरळात माणशी ६०७ रुपये. गुजरातेत माणशी ६०६.

मी तीनदा करून पाहिला. दोन वेगळी राज्यं, वेगळ्या भाषा, वेगळा धर्म, जमवायची पद्धतही वेगळी, आणि फरक रुपया-दीड रुपयाचा. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे मला कळतं, हा योगायोगच असणार. पण या ६०७ ला मी पुढे फूटपट्टी म्हणून वापरणार आहे, कारण कोटीच्या भाषेत बोलायला लागलं की डोकं बधिर होतं. सहाशे रुपये सगळ्यांना समजतात. चौघं हॉटेलात जेवून आले तर याहून जास्त होतात.

७ लाख ७० हजार हा आकडाही असाच नुसता वाचून कळत नाही. आठवड्यात सेकंद असतात ६ लाख ४ हजार ८००. म्हणजे सेकंदाला एक पावती, रात्रंदिवस न थांबता फाडायला बसलं तरी आठवडा पुरला नसता. शंभर पानांचं पावतीपुस्तक सेंटीमीटरभर जाड धरलं, तर ७,७०० पुस्तकांची चवड ७७ मीटर उंच होते. कुतुबमिनार तिच्यापुढे चार मीटरने बुटका. गुजरातच्या ४२ दिवसांत दर चौदा सेकंदांना एक माणूस पैसे देत होता, तेही तो झोपेत असताना दुसरा कोणी जागा आहे असं धरून.

आणि एवढं करून विकत काय घेतलं?

झोल्जेन्स्मा नावाचं औषध. अमेरिकेत २०१९ च्या मे महिन्यात त्याला परवानगी मिळाली तेव्हा किंमत लावली गेली २१ लाख २५ हजार डॉलर, आपले साधारण १६ कोटी. एकदाच द्यायचं, शिरेतून, तासाभरात. मात्रा वजनावर ठरते. आठ किलोच्या बाळाला ४४ मिलिलिटर लागतं, चहाचे नऊ चमचे भरतील न भरतील एवढं. एका मिलिलिटरची किंमत ३६ लाख रुपये. सलाइनच्या हिशेबाने मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर एक थेंब १ लाख ८० हजारांचा. त्याला ६०७ ने भागा. एका थेंबाला तीनशे माणसं.

थेंबे थेंबे तळे साचे, असं आपण मुलांना शिकवत आलो. इथे उलटं आहे. आख्खं तळं साचवायचं, आणि हाती येतो तो थेंब.

थेंबात काय असतं, तेही सांगतो, कारण खरा चक्रावणारा आकडा तिथे आहे. त्यात विषाणू असतात. आतला मूळ ऐवज काढून टाकलेले, आणि त्याजागी बाळाकडे नसलेलं जनुक भरलेले. टपाल पोचवणारे पोस्टमन म्हणा. किलोमागे ११० लाख कोटी, म्हणजे आठ किलोच्या बाळाला ८८० लाख कोटी विषाणू. एकेक विषाणू सुमारे २५ नॅनोमीटरचा, मिलिमीटरभरात असे चाळीस हजार मावतात. तरीही एका मात्रेतले सगळे एकामागे एक उभे केले तर रांग २२ हजार किलोमीटर लांब होते, पृथ्वीच्या अर्ध्या घेरापेक्षा जास्त. रुपयाला ५५ लाख विषाणू पडतात. सहाशे सात रुपये देणाऱ्या माणसाच्या वाट्याला सुमारे ३३४ कोटी, आणि त्याच्या रांगेची लांबी भरते ८४ मीटरच्या जरा आत. दहा नऊवारी लुगड्यांएवढी.

ज्या कोणी कण्णूरच्या खात्यात पैसे टाकले, त्यांना ही पावती कोणी दिली नसेल.

क्राउडफंडिंग हा शब्द आपल्याकडे आला तो वेबसाइट घेऊन, म्हणून ती नवी चीज वाटते. लोकवर्गणी म्हटलं की वय कळतं. १८८५ साली न्यूयॉर्क बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा २१४ खोक्यांतून फ्रान्सहून आला, पण त्याला उभा करायला चौथरा नव्हता. अमेरिकेतल्या समितीचे पैसे संपलेले. जोसेफ पुलित्झरने मार्च महिन्यात आपल्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रातून एक लाख डॉलरची हाक दिली, आणि कबूल केलं की कोणी कितीही कमी पाठवो, नाव छापीन. पाच महिन्यांत १ लाख २ हजार डॉलर जमले, देणारे सुमारे १ लाख २० हजार. भागाकार : माणशी ८५ सेंट. रकमेचा बहुतांश भाग एक डॉलरच्या खालच्या देणग्यांचा. नाव छापून आलेलं बघायला माणूस अंक विकत घेतोच, त्यामुळे पुलित्झरचा खपही फुगला. मंडपाबाहेर देणगीदारांच्या नावांचा फळा लावणाऱ्या आपल्या मंडळांना हे गुपित कोणी शिकवायला नको.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिची फूटपट्टी अजून बारीक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. स्वदेशी उद्योगासाठी. तेव्हाच्या रुपयाचे पैसे चौसष्ट, म्हणजे एक रुपया उभा करायला चौसष्ट माणसं गाठायची, हजार रुपयांना चौसष्ट हजार, आणि लाखाला चौसष्ट लाख. कुठलाही शहाणा माणूस या हिशेबावर हसला असता. पण १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला आणि त्याचं नावच पैसा फंड काच कारखाना. कोणाची कल्पना, कोणाचं भांडवल, हे पाटीवरच लिहिलेलं.

टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने स्वराज्य फंड जाहीर झाला. १९२१ च्या वसंतात काँग्रेसने बेजवाड्याला ठरवलं, ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये. तीन महिने. ते जमले. तेव्हाचा रुपया म्हणजे तोळाभर वजनाचं चांदीचं नाणं, ११.६६ ग्रॅमचं. कोटीभर नाण्यांचं वजन ११६ टन होतं, मालगाडीचे कितीतरी डबे. आणि १९२१ च्या जनगणनेतल्या जवळजवळ ३२ कोटी लोकांनी तो भागला तर? माणशी दोन पैसे. अर्थात ते सगळ्यांनी सारखे दिले नव्हते. मुंबईच्या पेढ्यांचा वाटा खेड्यातल्या कुणब्यापेक्षा फार मोठा होता. सरासरी ही अशी लबाड बाई आहे, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

त्याआधी 'मंथन'. १९७६ चा श्याम बेनेगल यांचा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची, स्मिता पाटील त्यात. निर्माते पाच लाख. गुजरातच्या दूध संघाच्या शेतकऱ्यांनी माणशी दोन रुपये दिले, दहा लाख जमले, सिनेमा झाला. मला यातली रक्कम फारशी थक्क करत नाही, वसुली करते. पाच लाख माणसांच्या घरी जायचं म्हटलं असतं तर दोन रुपये आणायला चार रुपये मोडले असते. पण शेतकरी दूध घालायला रोज डेअरीवर येतच होता. एका वेळच्या दुधाच्या पैशांतून दोन रुपये कमी घेतले की झालं. बस नाही, पावतीपुस्तक नाही, "मालक घरी नाहीत" नाही.

इंटरनेटने केलं ते एवढंच. प्रत्येक खिशाच्या आत एक डेअरी बसवली. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे महिन्याचे व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले, सेकंदाला सुमारे साडेसात हजार. त्यात दहा रुपये देणाऱ्याला खर्च शून्य. अमेरिकेत अजूनही तसं नाही. तिथल्या गोफंडमी या सर्वांत मोठ्या मंचावर दर देणगीमागे २.९ टक्के अधिक ३० सेंट कापले जातात. शंभर डॉलर देणाऱ्याचे सव्वातीन जातात, पाच डॉलर देणाऱ्याचे साधारण नऊ टक्के. गरीब दाता महाग पडतो.

पैसे देणं फुकट झालं. मागणं मात्र तेवढंच अवघड राहिलं, आणि इथे बहुतेकांची फसगत होते.

मोहीम उभारणारा समजतो असं : पान तयार केलं, रुग्णालयाचं अंदाजपत्रक चढवलं, बाळाचा फोटो टाकला, व्हॉट्सअॅपवर लिंक सोडली, आता ती पसरेल. कागदावर पसरतेही. एकाने पाच जणांना पाठवायचं, त्या पाचांनी पाच-पाच जणांना. पाचव्या टप्प्यावर ३,१२५. दहाव्यावर ९७ लाख ६५ हजार. तेराव्या टप्प्यावर १२२ कोटी, म्हणजे २०११ च्या जनगणनेतला आख्खा भारत संपून वर माणसं उरतात. तेराच टप्पे! एका दिवसाला एक धरला तरी पंधरवड्याच्या आत काम फत्ते.

होत का नाही? एक तर व्हॉट्सअॅपनेच फाटक लावलंय. पुढे पाठवायचा संदेश एका वेळी पाच ठिकाणीच जातो, आणि पाच हात बदलून झाले की त्याच्यावर दुहेरी बाण उमटतो, मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अफवांना आळा घालायला हे केलं, बरोबरच केलं, पण आईच्या हाकेलाही तेच फाटक लागतं. म्हणजे गुणाकार ३,१२५ वर येऊन लंगडा होतो. ग्रुपमध्ये टाकला तर हजारभर माणसं एकदम मिळतात हे खरं. पण कुटुंबाच्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांखाली आलेली लिंक किती जण उघडतात, ते वाचकाने आपल्याच अंगठ्याला विचारावं. शंभरातल्या एकाने पैसे दिले असं धरू, हा माझा उदार अंदाज. मग गुजरातचे २ लाख ६४ हजार दाते मिळवायला २ कोटी ६४ लाख लोकांनी ती हाक वाचायला हवी. मुंबई शहर दोनदा वाचून संपेल, तेव्हा कुठे.

दुसरं कारण जास्त जिव्हारी लागणारं आहे. अनोळखी माणूस शून्यावर असलेल्या पानाला हात लावत नाही. किकस्टार्टर हा २००९ पासून चालणारा अमेरिकेतला मंच वस्तू, पुस्तकं, खेळ अशा प्रकल्पांसाठी पैसे उभे करतो. नियम कडक. साठ दिवसांच्या आत ठरलेला आकडा गाठला तर सगळे पैसे, नाही तर दमडी नाही. त्यांनीच जाहीर केलेल्या आकडेवारीत शंभरातल्या चाळीस-बेचाळीस प्रकल्पांना यश मिळतं. पण त्यातले जे एकदा वीस टक्क्यांची पायरी चढले, त्यांच्यातले सुमारे ७८ टक्के शेवटपर्यंत पोचतात. आणि दहातल्या एकाला एकाही माणसाने एक डॉलरही दिलेला नसतो. सख्ख्या भावानेसुद्धा नाही.

तेव्हा सगळी मारामारी त्या पहिल्या पाचव्या हिश्श्याची. तो अनोळखी गर्दी देत नाही. तो मावसभाऊ, जुने वर्गमित्र, कचेरीतले लोक, जिम्नॅस्टिकच्या क्लासातल्या आया यांच्याकडून, एकेकाला फोन करून, लाज गिळून आणावा लागतो. पान सुरू करण्याआधीच. मंडळाचे कार्यकर्तेही पावतीपुस्तकाचं पहिलं पान कधी कोरं ठेवत नाहीत. पहिली पावती अध्यक्षांच्या नावाने, चांगल्या ठसठशीत आकड्याची, मगच पुस्तक घेऊन गल्लीत शिरायचं. मे २०२१ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी कोविडसाठी केटो या मुंबईच्या मंचावर ७ कोटींची हाक दिली, तेव्हा त्यातले २ कोटी त्यांनी स्वतःच टाकले होते. शेवटी जमले ११ कोटी ३९ लाख. पहिली पावती कोणाची, ते पाहा.

वेळेचं महत्त्व सांगायला एक शीतपेटी पुरे. कूलेस्ट कूलर नावाची, आत ब्लेंडर आणि स्पीकर बसवलेली, सहलीला न्यायची पेटी. २०१३ च्या हिवाळ्यात तिच्या कर्त्याने किकस्टार्टरवर सव्वा लाख डॉलर मागितले. लाखभर जमले, पण आकडा गाठला नाही म्हणून हाती शून्य. पुढच्या उन्हाळ्यात तीच कल्पना, जरा सुधारून, या वेळी मागितले फक्त ५० हजार. मिळाले १ कोटी ३२ लाख ८५ हजार. मागितल्याच्या २६५ पट! बर्फाची पेटी डिसेंबरात कोण घेणार, एवढीच अक्कल मधल्या काळात आली होती. पण पुढचं ऐका. ६२ हजार ६४२ लोकांना पेट्या बनवून द्यायच्या होत्या आणि एकेक पेटी घेतलेल्या पैशांपेक्षा महाग पडत होती. २०१९ च्या डिसेंबरात कंपनी बुडाली तेव्हा वीस हजारांच्या आसपास लोक पेटीची वाट बघत बसले होते. त्यांना प्रसिद्धीने मारलं, असं माझं मत. मागितले तेवढेच मिळाले असते तर दोन-तीनशे पेट्या करून मोकळे झाले असते.

याच मंचावरचा विक्रम २०२५ पर्यंत एका लेखकाच्या नावावर होता, हे सांगताना मला व्यावसायिक मत्सर लपवता येत नाही. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकाराने २०२२ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की टाळेबंदीत मी गुपचूप चार कादंबऱ्या लिहून ठेवल्यात. दहा लाख डॉलर मागितले. पस्तीस मिनिटांत आले. महिन्याअखेर ४ कोटी १७ लाख डॉलर आणि १ लाख ८५ हजार वाचक, माणशी सव्वादोनशे डॉलर. मराठी कादंबरीची हजाराची आवृत्ती किती वर्षं पुरते, ते प्रकाशकांना विचारू नका, त्यांचा दिवस खराब होईल.

आता ती लबाड बाई, सरासरी.

२०१४ च्या जुलैत अमेरिकेतल्या ओहायोच्या एका माणसाने किकस्टार्टरवर लिहिलं, मी बटाट्याचं सॅलड करणार आहे, दहा डॉलर हवेत. थट्टाच होती. लोकांना ती आवडली. ६,९११ जणांनी मिळून त्याला ५५ हजार ४९२ डॉलर दिले.

दुसरीकडे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गोफंडमीवरच्या २०१६ ते २०२० मधल्या आजारपणाच्या ४ लाख ३७ हजार ५९६ मोहिमा तपासल्या. एकूण रक्कम दोन अब्ज डॉलरच्या वर. देणग्या २ कोटी १७ लाख. नेहमीचा भागाकार केला तर मोहिमेमागे साडेचार हजार डॉलरच्या पुढे पडतात, ठीक वाटतं. पण सगळ्या मोहिमा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभ्या करून बरोबर मधलीला विचारलं, तुला किती मिळाले, तर उत्तर येतं १,९७० डॉलर. निम्म्या मोहिमा त्याच्याही खाली. ठरलेला आकडा गाठणाऱ्या शंभरात बारासुद्धा नाहीत. आणि शंभरातल्या सोळांना काहीच मिळालं नाही. जिथे लोकांवर दवाखान्याचं कर्ज जास्त, विमा कमी, तिथल्या मोहिमांना पैसेही कमी, हेही त्यात आढळलं. गरिबाचे ओळखीचे लोक गरीबच असतात, याला संशोधन कशाला हवं.

त्या मधल्या आजारी माणसाच्या अठ्ठावीस पट पैसे बटाट्याच्या सॅलडला मिळाले.

एवढा वेळ जमलेल्या रकमेला देणाऱ्यांनी भागलं. एकदा उलटं करून बघू, हवी असलेली रक्कम देणाऱ्यांच्या फूटपट्टीने. एसएमए साधारण दहा हजार जन्मांत एकाला होतो. भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख मुलं जन्मतात, म्हणजे दरसाल २,३०० बाळं. प्रत्येकाला १६ कोटींचं औषध द्यायचं ठरवलं तर ३६ हजार ८०० कोटी. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचं २०२५-२६ चं सगळं मिळून अंदाजपत्रक एक लाख कोटींच्या जरा आत आहे. एका आजाराला त्यातला तिसऱ्याहून मोठा हिस्सा. आणि लोकवर्गणीने करायचं तर, माणशी ६०७ प्रमाणे, ६० कोटी दाते. दरवर्षी. पावणेआठ लाख माणसांनी देश हलवून सोडला होता, इथे त्याच्या जवळजवळ आठशे पट हवीत.

म्हणजे जी चार-दोन बाळं वर आली, ती गर्दीच्या नजरेत आली म्हणून आली. बाकीची २,२९० त्याच वर्षी त्याच देशात होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईतल्या एका पाच महिन्यांच्या मुलीसाठी असेच १६ कोटी उभे राहत होते. परदेशातून औषध आणायचं तर वर सीमाशुल्क आणि जीएसटी, सुमारे ६ कोटी. केंद्र सरकारने तो कर माफ केला. ६ कोटी भागिले ६०७ : ९९ हजार माणसं. एका आदेशाने लाखभर माणसांची वर्गणी दिली.

त्याहून मोठा भागाकार २०२५ मध्ये झाला आणि त्याची बातमी आतल्या पानावर आली. याच आजारावर रिस्डिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आहे, रोज, आयुष्यभर. आपल्याकडे एका बाटलीची किंमत होती सव्वासहा लाखांच्या घरात, ६ लाख २० हजार. वीस किलोवरच्या रुग्णाला एक बाटली बारा दिवस जाते, वर्षाला तीस लागतात. म्हणजे १ कोटी ८६ लाख, ६०७ च्या मापाने ३० हजार ६०० माणसं, तीनशे सहा पावतीपुस्तकं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध बनवायचं ठरवलं, पेटंटचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालला, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला, आणि नॅटकोची बाटली १५ हजार ९०० रुपयांना बाजारात आली. तीस बाटल्या ४ लाख ७७ हजार. माणसं लागतात ७८६.

आठ पावतीपुस्तकं. एवढ्यात गल्लीतल्या मंडळाचं काम भागतं. आमचे खजिनदार एका रविवारी करून आले असते.

प्रत्येक औषधाचं असं होईल तोवर हाका येत राहतील, तुमच्याही फोनवर. दुहेरी बाण दिसला तर आधी रुग्णालयाच्या नंबरवर फोन करून असा रुग्ण आहे का विचारा. फोटो तोच ठेवून क्यूआर कोड बदलणारे भामटेही याच गर्दीत हिंडतात. खात्री पटली आणि शंभरच द्यायचे असतील, तर ८० टक्के भरलेल्या पानाकडे जाऊ नका. ते आता आपल्या पायांनी चालेल. जिथे अजून एकही पावती फाटलेली नाही, तिथे द्या, आणि पहिल्याच दिवशी द्या.